क्वार्टरबॅकचे आकडे, ऑफेन्सचे श्रेय आणि कॉलेज बेसबॉलची क्रमवारी

२००३ च्या हंगामात टेक्सस टेक विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू, बी. जे. सिमन्स याने पासच्या, म्हणजे पुढे फेकलेल्या चेंडूच्या, जोरावर ५,८३३ यार्ड मिळवले. अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावर एका हंगामात इतके यार्ड त्याआधी कोणीही मिळवले नव्हते आणि पुढे २०२१ पर्यंत हा विक्रम अबाधित राहिला. तरीही सर्वोत्तम कॉलेज क्वार्टरबॅक कोण, असा विषय निघाला की सिमन्सचे नाव क्वचितच कोणाच्या तोंडी येते, आणि व्यावसायिक फुटबॉलमध्येही त्याचा जम बसला नाही. याउलट लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या, म्हणजेच एलएसयूच्या, जो बरो याने २०१९ मध्ये ५,६७१ यार्ड, म्हणजे सिमन्सपेक्षा कमीच, मिळवले. पण त्याचा तो हंगाम कॉलेज क्वार्टरबॅकचा आजवरचा सर्वश्रेष्ठ हंगाम होता, असे मानणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांच्यातलाच एक आहे. जास्त यार्डांचा मानकरी विस्मरणात आणि कमी यार्डांचा शिखरावर, असे का होते, हे कळले की चाहते ज्या वादांत शनिवारच्या शनिवार गुंतलेले असतात, त्यांतले बरेचसे वाद उलगडतात. कॉलेज बेसबॉलच्या क्रमवारीचा गोंधळही याच वाटेने सुटतो, हे मी पुढे दाखवणार आहे.

शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलांना आणि त्यांच्याकडे जाऊन राहणाऱ्या आईवडिलांना या खेळाचे पहिले दर्शन बहुधा सप्टेंबरमध्येच घडते. एरवी शांत असलेले विद्यापीठाचे गाव शनिवारी एकाच रंगाच्या कपड्यांनी भरून जाते; मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची तर आसनक्षमताच एक लाखाहून अधिक आहे. विद्यार्थ्यांच्या खेळाला एवढी गर्दी कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक असला तरी तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे खेळ समजण्यापुरते नियम सांगतो. लांबट चेंडू, प्रत्येक बाजूला ११ खेळाडू, १०० यार्डांचे मैदान आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे पट्टे. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि तो कोणाला द्यायचा, कोणाकडे फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते.

मात्र हा निर्णय कोणत्या पर्यायांतून घ्यायचा, हे क्वार्टरबॅक ठरवत नाही. ते प्रशिक्षकाने बसवलेल्या ऑफेन्सवर, म्हणजे आक्रमणाच्या पद्धतीवर, अवलंबून असते. कॉलेज फुटबॉलमध्ये या पद्धतींत जेवढी विविधता आहे तेवढी व्यावसायिक एनएफएलमध्ये नाही, आणि मला कॉलेजचा खेळ अधिक आवडण्याचे ते मुख्य कारण आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘झोन रीड’ नावाची एक चाल आहे. क्वार्टरबॅक मधल्या खेळाडूपासून चार-पाच यार्ड मागे उभा असतो आणि त्याच्या शेजारी चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक असतो. चेंडू येताच आक्रमणाचे पाचही धिप्पाड लाइनमन एकाच दिशेला सरकत समोरच्यांना रेटू लागतात, पण दुसऱ्या टोकाच्या बचावपटूला मुद्दाम कोणीही अडवत नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, मात्र सोडत नाही, आणि त्याची नजर त्या मोकळ्या बचावपटूच्या खांद्यांवर असते. खांदे आत वळले, म्हणजे तो रनिंग बॅकच्या मागे निघाला, की क्वार्टरबॅक चेंडू ओढून घेतो आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेतून स्वतः पळतो. खांदे सरळ राहिले, तर चेंडू रनिंग बॅकच्या हाती सोडून देतो. बचावपटूने काहीही केले तरी तो चुकीचाच ठरतो, आणि त्याला हात न लावताच खेळातून बाद केल्यामुळे आक्रमणाचा एक माणूस इतरत्र अडवणुकीसाठी मोकळा होतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या लहानशा कॉलेजात रिच रॉड्रिग्ज या प्रशिक्षकाने ही चाल घडवली असे मानले जाते. पुढे तिला पासचीही जोड मिळाली. धावण्याची चाल चालू असतानाच बचावपटू पुढे धावून आला, तर त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत झटकन पास फेकायचा. या चालीचा कॉलेजात जेवढा सुकाळ आहे तेवढा एनएफएलमध्ये नाही, याचे एक कारण नियमात आहे. पास फेकला जाण्यापूर्वी लाइनमनना कॉलेजमध्ये तीन यार्ड पुढे जाता येते, एनएफएलमध्ये एकच यार्ड. दोन यार्डांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण लाइनमन पुढे येताना दिसले की ही धावण्याचीच चाल आहे अशी बचावाची समजूत होते, आणि ती समजूत आणखी अर्धा सेकंद टिकली तरी काम होऊन जाते.

दुसरी पद्धत ‘एअर रेड’. हॅल मम्मी आणि माइक लीच या दोन प्रशिक्षकांनी १९८९ पासून आयोवा वेस्लियन या लहान कॉलेजात ती बसवली. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात लावेल एडवर्ड्स यांनी रुजवलेला पासप्रधान खेळ त्यांच्यासमोर होता. एअर रेडमध्ये चालींची संख्या अगदी थोडी असते, पण त्या सरावात इतक्या घोटून घेतल्या जातात की रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, कुठे वळेल हे क्वार्टरबॅकला डोळे मिटूनही ठाऊक असावे. रिसीव्हर मैदानभर पसरलेले, लाइनमनमध्येही भरपूर अंतर, आणि धावण्याऐवजी पासवर पास. लीच २००० ते २००९ या काळात टेक्सस टेकचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली २००२ मध्ये क्लिफ किंग्सबरीने ५,०१७ यार्ड मिळवले, २००३ मध्ये सिमन्सने ५,८३३ आणि २००४ मध्ये सनी कम्बीने ४,७०० हून अधिक. तीन वर्षांत तीन वेगळे क्वार्टरबॅक आणि तिघांचेही आकडे डोळे दिपवणारे. तेव्हा यार्डांचा मोठा वाटा पद्धतीच्या खात्यावर मांडावा लागतो, हे उघड आहे. पाटा खेळपट्टीवर एकाच संघाचे तीन फलंदाज पाठोपाठ द्विशतके ठोकू लागले, तर आपणही फलंदाजांच्या आधी खेळपट्टीकडेच पाहतो.

याच्या अगदी उलट टोकाला लष्करी अकादमींचे संघ आहेत. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स यांनी वर्षानुवर्षे ‘ऑप्शन’ पद्धत चालवली. तीत क्वार्टरबॅक कित्येक सामन्यांत दहा पासही फेकत नाही. त्याची पासची आकडेवारी पाहून त्याच्याविषयी मत बनवणे म्हणजे भलताच कागद तपासणे होय. प्रत्यक्षात धावता धावता, समोरचा बचावपटू अंगावर येत असताना, चेंडू ठेवायचा की बाजूला भिरकवायचा हा निर्णय तो सामन्यात पन्नास वेळा घेत असतो, आणि त्यातला एकही निर्णय पासच्या तक्त्यात उमटत नाही.

आता आकड्यांकडे वळू. एकूण यार्ड हा सर्वांत फसवा आकडा आहे, कारण तो प्रथम किती पास फेकले यावर अवलंबून असतो. सिमन्सने २००३ मध्ये ७१९ पास फेकले, बरोने २०१९ मध्ये ५२७. म्हणजे सिमन्सला दर पासमागे साधारण ८.१ यार्ड मिळाले, बरोला १०.८. सिमन्सचे २२ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, बरोचे फक्त ६. एनसीएए ही कॉलेज क्रीडांची मध्यवर्ती संस्था यासाठी एक एकत्रित मूल्यांक काढते. यार्डांना ८.४ ने, टचडाउनना ३३० ने आणि पूर्ण झालेल्या, म्हणजे आपल्याच खेळाडूने झेललेल्या, पासना १०० ने गुणून बेरीज करायची, प्रतिस्पर्ध्याने पकडलेल्या प्रत्येक पासमागे २०० वजा करायचे आणि आलेल्या संख्येला एकूण पासच्या संख्येने भागायचे. या हिशेबाने सिमन्सचा मूल्यांक १५१ च्या आसपास येतो आणि बरोचा २०२. मूल्यांकही निर्दोष नाही. रिसीव्हरने दोन यार्डांवर चेंडू पकडून पुढे साठ यार्ड धाव घेतली तरी सगळे श्रेय क्वार्टरबॅकच्या नावे जमा होते. पण निदान पासच्या संख्येमुळे येणारी सूज त्यातून उतरते. आणखी एक बारकावा नव्या प्रेक्षकांच्या नजरेतून हमखास सुटतो. पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले, तर गेलेले यार्ड कॉलेजच्या आकडेवारीत त्याच्या धावण्यातून वजा होतात. त्यामुळे एखाद्या क्वार्टरबॅकने धावून उणे चाळीस यार्ड केले असे दिसले, तर तो पळपुटा किंवा मंद आहे असे न समजता त्याच्या लाइनमनकडे आधी बघावे.

बरोचा २०१९ चा हंगाम मला विशेष बोलका वाटतो, कारण त्याचा २०१८ चा हंगाम शेजारी ठेवून पाहता येतो. २०१८ मध्ये ओहायो स्टेटहून एलएसयूत आल्यावर त्याचे ५७.८ टक्के पास पूर्ण झाले, यार्ड २,८९४ आणि टचडाउन १६. वर्षभराने तोच खेळाडू, तेच विद्यापीठ, तेच मुख्य प्रशिक्षक एड ओर्जेरॉन. आणि पूर्ण पास ७६.३ टक्के, टचडाउन ६०. मधल्या काळात जो ब्रेडी हा तरुण प्रशिक्षक न्यू ऑर्लीन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आला, त्याने आक्रमण प्रमुख स्टीव्ह एन्समिंगर यांच्या जोडीने खेळ पसरवला, पाच-पाच खेळाडू पास घेण्यासाठी धाडायला सुरुवात केली. जमार चेस आणि जस्टिन जेफरसन हे रिसीव्हर एका वर्षाने परिपक्व झाले होते. लाइनमनच्या फळीला त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम फळीचा पुरस्कार मिळाला. मग श्रेय पद्धतीचे की बरोचे?

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर शोधायची जागा एकच, ती म्हणजे तिसरा प्रयत्न आणि बरेच यार्ड बाकी. अशा वेळी पास येणार हे बचावालाही ठाऊक असते, हुलकावणीला वाव नसतो आणि पद्धतीची मदत जवळपास संपलेली असते. त्या हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात ऑस्टिनमध्ये टेक्ससविरुद्ध एलएसयू ३७-३१ असा पुढे होता, थोडीच मिनिटे उरली होती, तिसरा प्रयत्न होता आणि १७ यार्ड हवे होते. वेळ काढण्यासाठी धावण्याची चाल खेळून चेंडू परत करणे हा भिडस्त मार्ग उपलब्ध होता. टेक्ससने जादा माणसे क्वार्टरबॅकवर सोडली. बरो त्यांच्या गराड्यातून पाऊल पुढे टाकून सरकला आणि पाय नीट रोवायला सवड नसतानाही त्याने जेफरसनकडे चेंडू फेकला. ६१ यार्डांचे टचडाउन झाले. एलएसयूने तो सामना ४५-३८ असा जिंकला आणि हंगामातले पंधराही सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. त्या जागी धावत सुटलेला जेफरसन आणि ती चाल ही पद्धतीची देणगी होती. पण गराड्यात नजर खाली न जाऊ देणे ही बरोची स्वतःची कमाई होती. एक पास हा पुरावा होत नाही, हे मान्य. मात्र वर्षभराचे असे पास वेगळे काढून पाहावेत, एवढे तरी चाहत्याला करता येते.

‘हा काय, पद्धतीने घडवलेला क्वार्टरबॅक,’ असा शेरा चाहत्यांच्या बोलण्यात वारंवार येतो आणि तो मला अर्धवट वाटतो. टेक्सस टेकच्याच एका क्वार्टरबॅकवर तो मारला गेला होता; त्याचे नाव पॅट्रिक महोम्स. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी ओक्लाहोमाविरुद्ध त्याने ८८ पास फेकून ७३४ यार्ड मिळवले आणि तरीही टेक्सस टेक ६६-५९ असा हरला. त्या हंगामात त्याचे यार्ड ५,००० च्या वर गेले, संघ मात्र ५ विजय आणि ७ पराभव यांवर थांबला. येथे आकडे फुगण्याचे आणखी एक कारण दिसते, ते म्हणजे स्वतःच्या संघाचा दुबळा बचाव. प्रतिस्पर्धी झटपट गुण करत राहिला की चेंडूही झटपट परत मिळतो आणि पिछाडी भरून काढण्यासाठी पासच फेकावे लागतात. या सगळ्या कारणांमुळे महोम्सच्या आकड्यांवर शंका घेणे चूक नव्हते. चूक झाली ती शंकेलाच निकाल मानण्याची. २०१७ मध्ये एनएफएलच्या खेळाडू-निवडीत कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले आणि पुढे त्याने तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले. एअर रेडने सिमन्सचेही आकडे फुगवले आणि महोम्सचेही; आकडे सारखेच फुगलेले असताना आत काय आहे ते आकड्यांतून कळत नाही, तेवढ्यापुरते डोळे उघडे ठेवून सामना बघावाच लागतो.

अलीकडे हा गुंता वाढला आहे, कारण २०२१ पासून खेळाडूला विद्यापीठ बदलताना पूर्वीसारखे एक वर्ष बसून राहावे लागत नाही. सिमन्सचा विक्रम मोडणारा बेली झॅपी २०२१ मध्ये ह्यूस्टन बॅप्टिस्टहून वेस्टर्न केंटकीला गेला, तेव्हा आक्रमण प्रमुख झॅक किटलीही तिकडेच गेला होता. क्वार्टरबॅक आणि त्याची पद्धत दोघेही बिऱ्हाड हलवून एकत्र आले. झॅपीने ५,९६७ यार्ड आणि ६२ टचडाउन केले. यातले किती कोणाचे, हे वेगळे करण्याचा नाद मी तरी सोडून दिला आहे.

क्वार्टरबॅकला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये थेट क्रमवारीच्या दारात येऊन उभा राहिला. फ्लोरिडा स्टेट संघ १३ पैकी १३ सामने जिंकून आपल्या कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा, विजेता झाला होता. विजेतेपदासाठी तेव्हा चारच संघ निवडले जात आणि ती निवड १३ सदस्यांची समिती करत असे. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला होता. त्याच्यावाचून हा संघ पूर्वीसारखा राहिलेला नाही, असे म्हणत समितीने त्याला पाचवे ठेवले आणि एक पराभव पत्करलेल्या अलाबामाला चौथे स्थान दिले. मला हा निर्णय तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. ट्रॅव्हिसशिवाय फ्लोरिडा स्टेटने फ्लोरिडाला २४-१५ आणि लुइव्हिलला १६-६ असे हरवले होते, तेही बचावाच्या बळावर. त्यानंतर ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने त्यांचा ६३-३ असा धुव्वा उडवला, हे समितीचे समर्थक आवर्जून सांगतात; त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे बरेच प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते, हे मात्र सांगायचे राहून जाते. पुढच्याच हंगामापासून चारऐवजी बारा संघ घेतले जाऊ लागले आणि या जातीचा अन्याय बराच आवाक्यात आला.

फुटबॉलमध्ये माणसे एकत्र बसून मत देतात; कॉलेज बेसबॉलमध्ये दीर्घकाळ एका सूत्राचा दबदबा राहिला आहे. दोन्ही खेळांना जोडणारा माणूस हवा असेल, तर ओक्लाहोमाचा कायलर मरे आहे. २०१८ च्या जूनमध्ये ओकलंडच्या व्यावसायिक बेसबॉल संघाने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले, त्याच वर्षी डिसेंबरात त्याने सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूची हाइस्मन ट्रॉफी जिंकली आणि २०१९ मध्ये एनएफएलच्या निवडीत तो पहिला आला. पण कॉलेज बेसबॉलचे गणित फुटबॉलपेक्षा फार वेगळे आहे. फुटबॉलमध्ये नियमित हंगामाचे सामने बारा, बेसबॉलमध्ये फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत छप्पन्नपर्यंत. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन सामन्यांची मालिका आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी एखाद्या जवळच्या विद्यापीठाशी सामना, असा क्रम असतो. सर्वोच्च विभागात सुमारे तीनशे संघ आहेत. त्यांतले ६४ अंतिम स्पर्धेला जातात. चार-चार संघांच्या १६ रीजनल स्पर्धा, त्यांत दोनदा हरलेला बाद. मग आठ सुपर रीजनल. आणि शेवटी आठ संघ नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात. ही अखेरची स्पर्धा १९५० पासून ओमाहातच भरते, आणि चाहत्यांच्या तोंडी ‘ओमाहा’ एवढेच पुरते.

क्रमवारी म्हणून जे काही छापून येते, त्यात दोन अगदी भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे पोल. डीवन बेसबॉल, बेसबॉल अमेरिका, प्रशिक्षकांचा पोल असे अनेक आहेत. हंगामाआधी अंदाजाने क्रम लावायचा आणि दर सोमवारी जिंकणाऱ्याला वर, हरणाऱ्याला खाली सरकवायचे. यात पहिल्या अंदाजाचा प्रभाव दोन महिने टिकून राहतो. दुसरी गोष्ट आरपीआय हे सूत्र. संघाची स्वतःची विजयाची टक्केवारी एक चतुर्थांश, प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी निम्मी आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची उरलेली एक चतुर्थांश. म्हणजे संघ स्वतः कसा खेळला याला पाव भाग, आणि कोणाशी खेळला याला पाऊण.

याचा परिणाम पाहण्यासाठी दोन काल्पनिक संघ घेऊ. पहिल्याचे ४० विजय, १५ पराभव, टक्केवारी .७२७. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची .५२० आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची .५१०. सूत्रात घातले की उत्तर साधारण .५६९ येते. दुसऱ्याचे ३३ विजय, २२ पराभव, टक्केवारी .६००. पण प्रतिस्पर्ध्यांची .६०० आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची .५४०. उत्तर .५८५. सात सामने जास्त हरलेला संघ वर गेला. यात तत्त्वतः गैर काही नाही, कारण सशक्त प्रतिस्पर्ध्याशी हरणे आणि दुबळ्याला हरवणे यांची किंमत सारखी नसते. गैर आहे ते टोकाला गेलेले प्रमाण. एखाद्या अगदी कमकुवत संघाला घरच्या मैदानावर तिन्ही सामन्यांत हरवूनही आरपीआय घसरू शकतो, आणि जिंकल्याबद्दल दंड करणारे सूत्र मला तरी सदोषच वाटते. सशक्त कॉन्फरन्सचे संघ आपापसात खेळून एकमेकांचे प्रतिस्पर्ध्यांचे आकडे उंच ठेवतात. लहान कॉन्फरन्सच्या चांगल्या संघाला ती सोय नाही. २०२५ मध्ये एसईसी या दक्षिणेतल्या कॉन्फरन्सच्या १६ पैकी १३ संघांना प्रवेश मिळाला. एसईसी बलाढ्य आहे यात वाद नाही, २०१९ पासून २०२५ पर्यंत झालेली प्रत्येक स्पर्धा तिच्याच संघाने जिंकली आहे. तरीपण तेरावा संघ नेमका कशाच्या जोरावर आत आला, हे विचारायला हरकत नसावी.

सूत्रात एक सुधारणा मात्र मला मनापासून पटते. २०१३ पासून परक्या मैदानावरचा विजय १.३ आणि घरचा विजय ०.७ असा मोजला जातो; पराभवाचे प्रमाण याच्या उलट. उत्तरेकडच्या राज्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये मैदानावर बर्फ असते, त्यामुळे तिथले संघ पहिले कित्येक आठवडे दक्षिणेत पाहुणे म्हणूनच खेळतात. त्यांना या भारांकाने थोडा न्याय मिळाला.

इतके सगळे करूनही क्रमवारीचे भाकीत वारंवार फसते. १९९९ मध्ये अव्वल मानांकित मायामीने विजेतेपद मिळवले. त्यानंतर अव्वल मानांकित संघ जिंकण्यासाठी २०२४ च्या टेनेसीपर्यंत वाट पाहावी लागली. लगेच पुढच्या वर्षी अव्वल मानांकित व्हँडरबिल्ट पहिल्याच टप्प्यात घरच्या मैदानावर गारद झाला. ओल मिसची, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाची, कथा तर याहून नवलाची. २०२२ च्या मार्चमध्ये हा संघ पोलमध्ये पहिल्या क्रमांकावर होता, मग कॉन्फरन्समध्ये ७ विजय आणि १४ पराभव अशी त्याची वाताहत झाली, ६४ संघांत तो कसाबसा सर्वांत शेवटी घेतला गेला, आणि जूनमध्ये विजेता झाला. पोल मार्चमध्ये चुकला की मेमध्ये, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यामागचे कारण पिचर. चांगला पिचर एका सामन्यात शंभराच्या आसपास चेंडू टाकतो आणि पुढचा सामना बहुधा आठवड्याने खेळतो. प्रत्येक संघाचा सर्वोत्तम पिचर शुक्रवारी उतरतो, त्यामुळे शुक्रवारचा संघ आणि रविवारचा संघ हे प्रत्यक्षात दोन वेगळे संघ असतात. आरपीआय मात्र दोन्ही निकाल एकाच तराजूत टाकतो. २०२३ मध्ये अव्वल मानांकित वेक फॉरेस्ट आणि पाचवा मानांकित एलएसयू ओमाहात समोरासमोर आले. एलएसयूकडून पॉल स्कीन्सने आठ डाव टाकले, वेक फॉरेस्टकडून रेट लाउडरने सात, आणि दोघांनीही एकही धाव दिली नाही. अकराव्या डावात टॉमी व्हाइटने होमरन मारला आणि एलएसयू २-० ने जिंकला. त्यानंतर अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्धचा पहिला सामना एलएसयूने ४-३ असा जिंकला, दुसरा २४-४ असा गमावला आणि दुसऱ्याच दिवशी तिसरा १८-४ असा जिंकून विजेतेपद घेतले. एका रात्रीत चौतीस धावांचा फेर पडला. फलंदाज तेच, खेळ तोच, फक्त चेंडू टाकणारे हात बदलले होते. क्वार्टरबॅकचा आकडा जसा त्याच्या भोवतालच्या ऑफेन्सचा असतो, तसा बेसबॉल संघाचा निकाल त्या दिवशी कोणता पिचर शिल्लक होता याचा असतो.

म्हणून मी फेब्रुवारी-मार्चचे पोल करमणूक म्हणून वाचतो आणि एप्रिलच्या मध्यानंतर, कॉन्फरन्सच्या चार-पाच मालिका पार पडल्यावर, क्रमवारीकडे गंभीरपणे पाहू लागतो. तेव्हाही पहिला कोण यापेक्षा तीन गोष्टी मला अधिक सांगून जातात: परक्या मैदानावर किती मालिका जिंकल्या, रविवारचे सामने किती जिंकले आणि चौथा-पाचवा पिचर विश्वासाचा आहे की नाही. रीजनलमध्ये पहिलाच सामना गमावलेल्या संघाला चार दिवसांत पाच सामने खेळावे लागू शकतात, आणि तेव्हा शुक्रवारचा वीर डगआउटमध्ये बसून असतो.

क्रमवारीत खऱ्या अर्थाने किमतीची जागा सोळावी आहे. २०१८ पासून १६ संघांना राष्ट्रीय मानांकन मिळते आणि सर्वसाधारणपणे त्याच संघांच्या मैदानांवर रीजनल स्पर्धा भरतात. पहिल्या आठांना पुढे सरकल्यास सुपर रीजनलही घरीच खेळायला मिळते. पहिला आणि दुसरा यांच्यात यजमानपदाच्या दृष्टीने काहीच फरक नाही, दोघेही घरीच खेळतात. सोळावा मात्र आपल्या प्रेक्षकांसमोर खेळतो आणि सतरावा बॅगा भरून दुसऱ्याच्या गावी जातो. पॅक-१२ कॉन्फरन्स फुटल्यावर ओरेगन स्टेट २०२५ मध्ये कोणत्याही कॉन्फरन्सशिवाय, स्वतः जुळवलेल्या सामन्यांवर खेळला, आठवे मानांकन मिळवून दोन्ही टप्पे घरी खेळला आणि ओमाहाला पोहोचला. त्या संघाच्या चाहत्यांनी मेमध्ये आठवा की नववा यावर रात्री जागवल्या असतील, तर त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.